कमरागंजाच्या गायिका

सुखवस्तु घरांतील मनुष्य गाण्याकडे करमणूक म्हणून पाहतो. दिवसाचीं कामें उरकल्यावर चार घटका मन रमावें, सणासमारंभास शोभा यावी, मुलीबाळींच्या अंगीं एखादा गुण असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु ज्यांची जमीन, भाषा आणि पोटचीं मुलें हीं एकामागून एक हिरावून नेण्यांत आलीं, अशा लोकांच्या ठायीं गाणें ही करमणुकीची वस्तु राहत नाहीं. ती त्यांची उरलेली मिळकत होते. अशा एका मिळकतीची, आणि ती सांभाळणाऱ्या कांहीं स्त्रियांची हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहों. ती दूर ऑस्ट्रेलियांतील आहे. तथापि तिच्या मुळाशीं हिंदुस्थानी वंशाचा एक शाळामास्तर उभा आहे, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

इ. स. २०१२ सालीं 'द सफायर्स' या नांवाचा एक ऑस्ट्रेलियन चित्रपट निघाला. सफायर म्हणजे नीलमणि. चार आदिवासी मुली आपल्या वस्तींतून निघून १९६८ सालीं व्हिएतनामच्या रणभूमीवर अमेरिकन सैनिकांपुढें गातात, अशी त्याची कथा. वेन ब्लेअर यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्या वर्षीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविला गेला, आणि पुढें ऑस्ट्रेलियांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिकही त्यास मिळालें. त्याच्या आधीं २००४ सालीं याच कथेचें नाटक मेलबर्न येथें रंगभूमीवर आलें होतें. नाटककार टोनी ब्रिग्ज हे त्या खऱ्या गायिकांपैकीं लॉरेल रॉबिन्सन यांचे चिरंजीव. आईची गोष्ट मुलानें जगापुढें मांडली. चित्रपट गोड आहे, जागोजागीं हंसविणारा आहे. परंतु चित्रपटास दोन तासांत कथा आटोपावी लागते. खरी कथा शंभर वर्षांहून अधिक लांबीची आहे, आणि आमच्या मतें ती चित्रपटाहून अधिक मोलाची आहे.

नदीकांठची शाळा

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांत मरे नांवाची मोठी नदी आहे. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन प्रांतांची सीमा तीच. तिच्या दोन्ही तीरांवर योर्टा योर्टा नांवाचे आदिवासी लोक सहस्रावधि वर्षें राहत आले. एकोणिसाव्या शतकांत गोरे मेंढपाळ आपले कळप घेऊन तेथें आले. शिकार गेली, मासेमारीचे डोह गेले, रोगराईनें माणसें गेलीं. जे उरले त्यांच्यासाठीं डॅनियल मॅथ्यूज नांवाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनीं १८७४ सालीं मलोगा येथें एक वसाहत काढली.

या वसाहतीच्या शाळेस एक विलक्षण गुरु लाभले. त्यांचें नांव थॉमस शॅड्रॅक जेम्स. हिंदुस्थानांतून मॉरिशस बेटांत गेलेल्या कुटुंबांत त्यांचा जन्म झाला होता. याच बेटांत आपल्या कोंकणांतूनही कित्येक कुटुंबें मजुरीसाठीं गेलीं होतीं, हें वाचकांच्या ध्यानांत असेल. जेम्स तरुणपणीं मेलबर्नला आले. १८८१ सालीं त्यांची मॅथ्यूज यांच्याशीं गांठ पडली, आणि ते मलोगाच्या शाळेंत शिकवूं लागले. तेथील कूपर घराण्यांतील एडा नांवाच्या मुलीशीं त्यांनीं विवाह केला आणि ते त्याच लोकांचे होऊन राहिले. आदिवासी मुलास थोडें अक्षरज्ञान आणि पुष्कळ अंगमेहनत एवढें पुरे, अशी त्या काळच्या सरकारची समजूत होती. जेम्स मास्तरांनीं ती मानली नाहीं. दिवसां मुलांस आणि रात्रीं दिवसभर राबून आलेल्या प्रौढांस ते लिहावयास, वाचावयास, अर्ज करावयास आणि सभेंत उभें राहून बोलावयास शिकवीत. सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं हें काम केलें.

शिक्षकाच्या वांट्यास स्वतःची कीर्ति क्वचित् येते. त्याची परीक्षा विद्यार्थ्यांवरूनच करावी लागते. जेम्स यांच्या रात्रीच्या वर्गांत बसलेले त्यांचे मेहुणे विल्यम कूपर पुढें आदिवासींच्या हक्कांसाठीं झगडणारे पहिल्या प्रतीचे पुढारी झाले. त्यांचे दुसरे विद्यार्थी डग्लस निकोल्स यांस १९७२ सालीं 'सर' ही पदवी मिळाली, आणि १९७६ सालीं ते दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांताचे गव्हर्नर झाले. त्या पदावर आदिवासी मनुष्य बसण्याचा तो पहिलाच प्रसंग.

याच मलोगास १८८६ सालीं अमेरिकेंतून एक गायकवृंद आला. त्याचें नांव फिस्क जुबिली सिंगर्स. अमेरिकेंत गुलामगिरी बंद झाल्यावर मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठीं नॅशव्हिल येथें फिस्क नांवाचें विद्यालय निघालें होतें. त्यास पैसा कमी पडूं लागला तेव्हां तेथील विद्यार्थी आपल्या आईबापांचीं गुलामगिरींतील भक्तिगीतें गात १८७१ सालीं गांवोगांव हिंडले. त्याच परंपरेंतील मंडळी जगाची सफर करीत ऑस्ट्रेलियांत पोंचली होती. पुढें ती आपल्या हिंदुस्थानांतही येऊन गाऊन गेली. मलोगाच्या लोकांनीं हीं गाणीं ऐकलीं. मिसर देशाच्या जुलमी राजाचें सैन्य समुद्रांत बुडालें आणि दास्यांत पिचणारे यहुदी लोक सुटले, या बायबलांतील कथेवरचें एक गीत त्यांच्या मनांत इतकें रुजलें कीं, तें योर्टा योर्टा भाषेंत उतरविलें गेलें. आजीनें तें आईस शिकविलें, आईनें मुलीस. तें आजही गाइलें जातें, आणि उपर्युक्त चित्रपटांतही तें ऐकावयास मिळतें. एका खंडांतील गुलामांचें गाणें दुसऱ्या खंडांतील निर्वासितांच्या मातृभाषेंत जाऊन बसलें. त्या दोघांस एकमेकांचा इतिहास समजावून सांगावा लागला नाहीं.

मुलें नेणारा कायदा

१८८८ सालीं मलोगा सोडून हे लोक थोड्याच अंतरावर कमरागंजा येथें राहावयास गेले. या नांवाचा अर्थ 'आमचें घर' असा सांगतात. त्यांनीं जंगल तोडून जमीन तयार केली आणि गहूं पिकविला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्या कुटुंबांस वांटलेल्या शेतजमिनी काढून घेण्यांत आल्या. १९०९ सालीं न्यू साउथ वेल्समध्यें आदिवासींच्या 'संरक्षणा'चा कायदा झाला. १९१५ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन आदिवासी मुलांस आईबापांपासून काढून नेण्याचा अधिकार संरक्षण मंडळास मिळाला. त्यासाठीं आईबापांची संमति नको, आणि न्यायाधीशाचा हुकूमही नको.

थेरेसा क्लेमेंट्स या योर्टा योर्टा मातेच्या घरीं हा कायदा १९१७ सालीं आला. तिची मुलगी मार्गारेट त्या वेळीं अवघी तेरा वर्षांची. पोलिसांनीं तिला आणि तिची बहीण मे हिला शाळेंतूनच मोटारींत घालून नेलें. आईनें पुष्कळ आकांत केला. त्याचा उपयोग झाला नाहीं. मुलींस कूटामंड्रा येथील सरकारी गृहांत ठेवण्यांत आलें. तेथें झाडणें, धुणें, शिवणें शिकवून पुढें त्यांस गोऱ्या लोकांच्या घरीं मोलकरीण म्हणून धाडीत. मार्गारेट टकर या नांवानें हीच मुलगी पुढें आदिवासी चळवळींतील एक प्रमुख स्त्री झाली, आणि १९७७ सालीं तिनें आपली कहाणी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ज्या सत्तेनें तेरा वर्षांच्या मुलीस आईच्या कुशींतून ओढून नेलें, त्याच सत्तेनें १९६८ सालीं त्या प्रौढ स्त्रीस ब्रिटिश साम्राज्याचें मानचिन्ह दिलें.

या मार्गारेटची धाकटी बहीण जेराल्डीन ब्रिग्ज. तीही तितकीच खंबीर कार्यकर्ती होती. लॉरेल आणि लोइस या तिच्या मुली, म्हणजे आपल्या कथेंतील गायिका. त्यांच्या घरांत गाणें होतें तसेंच हें दुःखही होतें.

नदी ओलांडणें

इ. स. १९३९ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस कमरागंजांत एक अपूर्व घटना घडली. अपुरा शिधा, गळकीं घरें, रोगराई, व्यवस्थापकाची दंडेली आणि मुलें नेलीं जाण्याचें नित्याचें भय यांस कंटाळून दीडशेंहून अधिक स्त्रीपुरुष आपलीं मुलें व गांठोडीं घेऊन वस्तींतून बाहेर पडले आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरिया प्रांतांत गेले. जॅक पॅटन या त्यांच्या पुढाऱ्यास सरकारनें अटक केली. पण गेलेले लोक सहजासहजीं परत फिरले नाहींत. कित्येक कुटुंबें शेपर्टन आणि मूरूप्ना या गांवांमधील नदीकांठच्या सखल जमिनीवर, रॉकेलचे डबे ठोकून केलेल्या पत्र्यांच्या आणि गोणपाटाच्या झोपड्यांत राहूं लागलीं. पावसाळ्यांत नदीचें पाणी घरांत शिरे. १९५४ सालीं इंग्लंडच्या राणी त्या बाजूनें जाणार होत्या, तेव्हां या झोपड्या दिसूं नयेत म्हणून रस्त्याकडेला गोणपाटाचे पडदे लावले गेले, असें तेथील लोक सांगतात.

अशा झोपड्यांतून संध्याकाळीं गाणें चाले. गिटार एखाद्याकडेच असे. आवाज सर्वांकडे होता. ऑस्ट्रेलियांत १९६३ सालीं ज्यांच्या गाण्यानें घरोघर नांव मिळविलें ते आदिवासी गायक जिमी लिटल हे कमरागंजांतच १९३७ सालीं जन्मले होते.

याच १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें. विल्यम कूपर तेव्हां वृद्ध झाले होते. त्यांचा एक मुलगा पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियाच्या बाजूनें लढतांना १९१७ सालीं बेल्जममध्यें मारला गेला होता. १८०० हून अधिक आदिवासींच्या सह्यांचा अर्ज त्यांनीं इंग्लंडच्या राजाकडे पाठविण्यासाठीं सरकारला दिला होता. सरकारनें तो पुढें धाडलाच नाहीं. त्यामुळें नवें युद्ध आलें तेव्हां या वृद्धानें सरकारला सरळ कळविलें कीं, आधीं आम्हांस नागरिकाचे हक्क द्या, मग आमच्या तरुणांस लढावयास बोलवा. हें त्यांचें म्हणणें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तीस वर्षांनीं त्यांच्याच लोकांतील मुलींपुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहणार होता.

युद्धांत उघडलेलें दार

युद्ध माणसें मारतें. परंतु कधीं कधीं एखादें बंद दारही त्याच्या धक्क्यानें उघडतें. कमरागंजापासून फार दूर, क्वीन्सलंड प्रांताच्या उत्तर टोंकाकडे केर्न्स नांवाचें बंदर आहे. तेथें १९२१ सालीं डल्सी पिट ही मुलगी जन्मली. तिच्या कुळांत आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोक यांचें रक्त होतें. जपानशीं युद्ध जुंपल्यावर हजारों अमेरिकन सैनिक केर्न्समध्यें येऊन राहिले. डल्सी आणि तिच्या बहिणी 'हार्मनी सिस्टर्स' या नांवानें त्यांच्यापुढें गाऊं लागल्या. त्या सैनिकांत काळे अमेरिकनही होते. त्यांच्या सहवासांत जॅझ आणि ब्लूज या गायनपद्धती या मुलींच्या कानीं पडल्या आणि गळ्यांत उतरल्या.

युद्धानंतर डल्सी सिडनीस गेली आणि तिनें जॉर्जिया ली हें नांव घेतलें. १९५३ सालीं ती लंडनला गेली. तेथें गेराल्डो यांच्या नामांकित वाद्यवृंदाबरोबर ती गाइली. परंतु परक्या शहरांत प्रकृतीनें साथ दिली नाहीं, आणि १९५७ च्या सुमारास ती मायदेशीं परतली. १९६२ सालीं तिच्या ब्लूज गाण्यांची मोठी तबकडी निघाली. ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांपैकीं एका स्त्रीची ती पहिली मोठी तबकडी. इतकें असूनही तिचें नांव पुढें बरींच वर्षें विस्मृतींत गेलें, आणि तबकडी पुन्हां निघाली ती २००९ सालीं. २०१० सालीं ती वारली.

लंडनपर्यंत पोंचलेल्या या गायिकेस आपल्या देशांत पुरतें स्थान कां मिळूं नये? गळ्याचा दोष नव्हता. तिचें कौतुक करणारे लोक तिच्या आवाजास दिवाणखान्यांत घेण्यास तयार होते. तिच्या माणसांस शेजारीं घर देण्यास तयार नव्हते. परक्या सैनिकास तिच्यांत गायिका दिसली. घरच्या समाजास आधीं कातडी दिसली. पाणवठ्यावर माणसास अडविणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील आम्हां लोकांस परदेशाकडून शिकण्याची गरज नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या अन्यायाकडे बोट दाखवितांना आम्ही आवाज जरा खालींच ठेवलेला बरा.

गेलेल्या दोघी आणि न गेलेल्या दोघी

आतां मूळ कथेकडे वळूं. मेलबर्न शहरांत १९६० नंतरच्या दशकांत लॉरेल रॉबिन्सन, बेव्हर्ली ब्रिग्ज आणि नेओमी मेयर्स या तिघी आप्त स्त्रियांनीं 'सफायर्स' हा गायकवृंद काढला. चित्रपटांत चौघी आहेत. प्रथम तिघीच होत्या. शहरांतील क्लब, सैनिकांच्या बराकी, रुग्णालयें, विद्यापीठें, जेथें बोलावणें येई तेथें त्या गात. त्या काळीं अमेरिकेंतील काळ्या गायकांनीं 'सोल' नांवाचें संगीत लोकप्रिय केलें होतें. देवळांतील भक्तिगीताचा आर्त सूर आणि नव्या वाद्यांचा ठेका यांच्या मिलाफांतून तें जन्मलें. फिस्कच्या गायकांनीं मलोगास आणलेल्या गीतांचेंच तें दूरचें नातवंड. या मुलींच्या गळ्यास तें परकें वाटलें नाहीं, यांत आश्चर्य नाहीं.

तो काळही ध्यानांत घेतला पाहिजे. संघराज्याच्या निवडणुकींत सर्व आदिवासींस मतदानाचा हक्क १९६२ सालीं मिळाला. १९६५ सालीं चार्ल्स पर्किन्स या आदिवासी विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखालीं सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी मोटारबसमधून न्यू साउथ वेल्सच्या गांवांतून हिंडले. मोरी गांवच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत आदिवासी मुलांस मज्जाव होता. वॉल्गेट गांवीं तर माजी सैनिकांच्या क्लबांत आदिवासी माजी सैनिकांस प्रवेश नव्हता. देशासाठीं लढावें, पण लढून आल्यावर सोबत्यांच्या पंक्तीस बसूं नये, असा तो न्याय! २७ मे १९६७ रोजीं ऑस्ट्रेलियांत सार्वमत घेण्यांत आलें. लोकसंख्या मोजतांना आदिवासींस वगळावें, असें राज्यघटनेंतील एक कलम होतें. तें काढून टाकण्यास आणि आदिवासींसाठीं कायदे करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास देण्यास शेंकडा ९० हून अधिक मतें पडलीं. पाटी कोरी झाली. मनें कोरीं होण्यास वेळ लागणार होता.

अशा वेळीं सफायर्स यांस व्हिएतनामला जाऊन सैनिकांपुढें गाण्याचें बोलावणें आलें. एका माओरी वाद्यवृंदास साथीच्या गायिका हव्या होत्या. परदेशची सफर, नियमित पैसा, मोठा श्रोतृवर्ग, हें सारें एकदम समोर आलें. ज्या मुलींस आपल्याच देशांत कित्येक दारें बंद होतीं, त्यांच्यापुढें हें दार सताड उघडें होतें.

बेव्हर्ली आणि नेओमी यांनीं नाहीं म्हटलें. हें युद्ध अन्यायाचें आहे, त्यांत आपल्या गाण्याचा हातभार नको, असें त्यांचें मत होतें. ऑस्ट्रेलियाचे सुमारें ६०,००० सैनिक त्या युद्धांत गेले आणि ५०० हून अधिक मेले. जन्मतारखांच्या सोडतीनें तरुणांस सक्तीनें भरती करीत, आणि त्याविरुद्ध १९७० सालीं मेलबर्नच्या रस्त्यांवर हजारों लोक उतरले. परंतु या दोघींनीं नकार दिला तो निषेध करणें सर्वमान्य होण्याच्या आधीं, आणि स्वतःचें नुकसान सोसून.

लॉरेल गेली. तिनें सोबत आपली बहीण लोइस पीलर हिला घेतलें. त्या दोघी रणक्षेत्रांतील छावण्यांतून गाइल्या. हें काम नुसत्या टाळ्या घेण्याचें नव्हतें. जुलै १९६९ मध्यें कॅथी वेन नांवाची दुसरी एक तरुण ऑस्ट्रेलियन गायिका दा नांग येथील तळावर रंगमंचावर असतांनाच गोळी लागून मेली. सैनिकांपुढें गाणाऱ्या मुली कोणत्या जोखमींत वावरत होत्या, हें यावरून कळावें.

येथें आमच्या वाचकांत दोन पक्ष होतील. कोणी म्हणेल, तत्त्वासाठीं कीर्तीवर पाणी सोडणाऱ्या दोघी थोर. कोणी म्हणेल, मरणाच्या छायेंत उभ्या असलेल्या, घरापासून हजारों कोस दूर पडलेल्या पोरांस क्षणभर घर आठवून देणाऱ्या दोघी थोर. युद्ध त्या पोरांनीं थोडेंच पुकारलें होतें? आम्हांस असें वाटतें कीं, हीं दोन्हीं उत्तरें एकाच घराण्याच्या शिकवणुकींतून निघालीं. विल्यम कूपर यांनीं आधीं हक्क, मग युद्ध असें म्हटलें होतें. त्यांच्याच मुलानें त्याआधीं रणांत देह ठेवला होता. ज्या लोकांस पिढ्यान् पिढ्या 'कोठें राहावें, काय खावें, मुलें कोणीं वाढवावींत' हें दुसऱ्यांनीं ठरवून दिलें, त्यांच्या मुलींनीं प्रथमच आपण होऊन विचार केला, आणि दोघींनीं जावयाचें व दोघींनीं न जावयाचें ठरविलें. हें स्वतः ठरविणें हाच त्यांचा खरा विजय, असें आम्ही समजतों. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. या निर्णयामुळें त्यांचें नातें तुटलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस याचें मोल सांगावयास नको. मतभेद झाला कीं चूल वेगळी करणारीं घरें आपण थोडीं पाहत नाहीं.

परत आल्यावर

चित्रपटाची कथा युद्धाबरोबर संपते. खऱ्या स्त्रियांचें मोठें काम त्यानंतर सुरू झालें. सिडनी शहरांतील रेडफर्न भागांत १९७१ सालीं आदिवासींनीं आदिवासींसाठीं चालविलेला पहिला दवाखाना निघाला. नेओमी मेयर्स आरंभापासून त्या कामांत होत्या, आणि पुढें तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं त्या संस्थेचा कारभार पाहिला. ज्या रुग्णास इतरत्र ताटकळत ठेवीत, त्यास तेथें आपला माणूस भेटे. त्या दवाखान्याच्या धर्तीवर पुढें देशभर आदिवासींचे दवाखाने निघाले.

लोइस पीलर यांची वडील बहीण हिलस मॅरिस यांनीं १९८३ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत वोरावा ही आदिवासी मुलांसाठीं शाळा काढली. हिलस १९८६ सालीं वारल्या. पुढें हील्सव्हिल येथील या शाळेची धुरा लोइस यांनीं वाहिली, आणि ती आदिवासी मुलींची निवासी शाळा म्हणून नांवारूपास आली. थेरेसा क्लेमेंट्सच्या मुलींस शाळेंतून पोलिसांनीं ओढून नेलें होतें. तिच्या नातींनीं शाळा काढली, आणि तींत मुली आईबापांच्या खुषीनें येऊं लागल्या. आमच्यासारख्या आयुष्यभर खडू धरलेल्या माणसास यापुढें कोणतेंही पारितोषिक फिकें वाटतें.

जुन्या रोगाचे अंश मात्र सहज जात नाहींत. २०१३ सालीं अमेरिकेंत या चित्रपटाची घरीं पाहावयाची तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर त्यांच्या गोऱ्या व्यवस्थापकाचें काम करणारा नट पुढें ठळक उभा, आणि ज्यांची ही कथा त्या चौघी मागें निळसर रंगांत पुसट! वास्तविक तो व्यवस्थापक हें कल्पित पात्र. लोकांनीं गिल्ला केला तेव्हां कंपनीनें क्षमा मागितली. पंचेचाळीस वर्षांनींही या स्त्रियांस आपल्याच कथेच्या मुखपृष्ठावरून मागें सारलें गेलें, हें विसरण्याजोगें नाहीं.

याच्या उलट दुसरी एक गोष्ट सांगून आम्ही ही हकीकत पुरी करतों. डेबोरा चीटम या योर्टा योर्टा गायिका १९६४ सालीं जन्मल्या. अवघ्या तीन आठवड्यांच्या असतां त्यांस आईपासून काढून एका गोऱ्या कुटुंबांत वाढविण्यांत आलें. गळा उत्तम निघाला. पाश्चात्त्य संगीतनाटकांतील उंच पट्टीच्या गायिका म्हणून त्या नांवाजल्या. पुष्कळ वर्षांनीं त्यांस आपलें खरें कुटुंब सांपडलें, तेव्हां कळलें कीं, गायक जिमी लिटल हे आपले सख्खे मामा. कमरागंजा सोडून निघालेल्या लोकांवर त्यांनीं 'पेकन समर' नांवाचें संगीतनाटक रचलें. तें लिहीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं नदी ओलांडणाऱ्यांत आपले आजोबा आणि आजीही होत्या. २०१० सालीं या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो मूरूप्ना येथें, म्हणजे ज्या नदीकांठीं गोणपाटाच्या झोपड्या होत्या तेथेंच. मुलगी नेली, नांव बदललें, भाषा बदलली. पण गळा नेतां आला नाहीं, आणि गळ्यानें घरचा रस्ता शोधून काढला. १३ फेब्रुवारी २००८ रोजीं ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनीं अशा हिरावून नेलेल्या मुलांची आणि त्यांच्या मातांची संसदेंत जाहीर क्षमा मागितली होती. थेरेसा क्लेमेंट्सला ती ऐकावयास मिळाली नाहीं.

आमच्या कुटुंबांतून आज मुली मोकळेपणानें गाणें शिकतात. परीक्षा देतात, बक्षिसें मिळवितात. पन्नास-पाऊणशें वर्षांमागें घरंदाज मुलीनें चारचौघांत गाणें हें आपल्याकडेही सहजासहजीं मान्य होत नसे. म्हणून हा पालट आनंदाचा आहे. परंतु आपल्या मुलीस तान कशी घ्यावी हें शिकवितांना, आजी जात्यावर काय गात असे, कोणत्या दुःखांत गात असे, हेंही तिच्या कानीं घालावें. मरेच्या कांठच्या बायकांनीं तेवढें केलें. आणि शेवटीं एक आठवण त्या हिंदुस्थानी वंशाच्या मास्तरांची. रात्रीच्या वर्गांत बसलेल्या थकल्याभागल्या माणसांपैकीं कोणाच्या नाती पुढें शाळा काढतील, दवाखाना चालवितील, जगापुढें गातील, हें त्यांस कोठून ठाऊक असणार? त्यांनीं दिवा लावून पाटी पुढें केली, एवढेंच. कोणाही घरांतून एवढें होऊं शकेल.